ओपनजीएलमध्ये दिवाळीचा किल्ला: भगव्याची खाच भरून येतेय, रंगही भलताच

अनगोळकरीण

नमस्कार मंडळी. कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या मिनी प्रोजेक्टला मी दिवाळीतला किल्ला घेतलोय. वर्गात निम्म्यांचा ट्रॅफिक सिग्नल आहे, उरलेल्यांचं जहाज. आमच्या गल्लीत दरवर्षी पोरं मातीचा किल्ला करतात, म्हटलं तोच स्क्रीनवर काढूया. उबंटू, सी भाषा, चित्र काढायला ओपनजीएल आणि खिडकी उघडायला फ्रीग्लट. थ्रीडी काही नाही, साधे रंगीत आकार. डोंगराला त्रिकोण, तटाला आयत, बुरजाला वर निमुळता होणारा चौकोन, मागं सूर्य आणि बालेकिल्ल्यावर भगवा.

डोंगर, तट, बुरूज झाले. झेंड्याशी अडलंय.

आधी रंग. नेटवर भगव्याच्या जवळचा म्हणून 255, 140, 0 मिळाला. रंग ठरवणाऱ्या जीएल-कलर-थ्री-एफला तसाच दिलो तर झेंडा पिवळाधमक. मैत्रीण म्हणाली, प्रत्येक आकड्याला 255 नं भाग. भागलो, तर लालभडक. भगवा काही येईना.

मग आकार. झेंडा दोन टोकांचा पाहिजे, मधे खाच. पाच बिंदू दिलो, बहुभुज भरायला जीएल-पॉलिगॉन. खाच दिसतच नाही, सरळ आयत येतोय. एरर नाही, वॉर्निंग नाही. बिंदू या क्रमानं आहेत: (220,400), (140,350), (220,300), (100,300), (100,400). खिडकीतले आकडे ठरवणारं जीएलयू-ऑर्थो-टूडी आडवं-उभं दोन्हीकडं 0 ते 500.

मोबाईलवरून लिहालोय म्हणून फंक्शनची नावं देवनागरीत. सांभाळून घ्या.

खानापूर पावसाळी

लाईट जायच्या आत रंगाचं सांगून टाकतो.

थ्री-एफ मधला एफ म्हणजे फ्लोट. त्याला लाल, हिरवा, निळा हे तिन्ही 0 ते 1 मध्ये पाहिजेत. तू 255, 140, 0 दिलीस. स्क्रीनवर जाताना 1 च्या वरचं सगळं 1 धरलं जातं. म्हणजे 1, 1, 0. पूर्ण लाल अधिक पूर्ण हिरवा बरोबर पिवळा. त्याचं काही चुकलं नाही.

आता भागाकार. सी मध्ये 140 भागिले 255 असं लिहिलं की दोन्ही पूर्णांक, म्हणून उत्तरही पूर्णांक, म्हणजे 0. 255 भागिले 255 मात्र 1. झालं 1, 0, 0. शुद्ध लाल.

255 च्या ठिकाणी 255.0 लिही, हिरवा 0.549 येईल आणि झेंडा भगवा होईल. नाहीतर थ्री-एफ सोडून थ्री-यूबी वापर. यूबी म्हणजे अनसाईन्ड बाईट, त्याला 255, 140, 0 जसेच्या तसे चालतात.

हिंडलगा एक्सप्रेस

भगवा काढायला गेली, आधी पिवळा आला, मग तांबडा. बेळगावात राहायचं कसं ते ओपनजीएललाही कळलंय म्हणायचं.

उद्यमबागवाला

😂 वर पिवळा, खाली तांबडा, कन्नड झेंड्याचा क्रमसुद्धा बरोबर.

धागा राखणदार

हसून झालं असेल तर पुढं चला. सीमाप्रश्नाला वेगळा विभाग आहे, तिथं जागा भरपूर आहे. इथं फक्त आकार आणि रंग.

टर्बोकाका

पोरी, तुझं नशीब थोर, तुला भगवा मागता तरी येतो. आम्ही टर्बो सी वर शिकलो. ग्राफिक्स सुरू करायला इनिटग्राफ, ईजीए-व्हीजीए-डॉट-बीजीआय फाईलचा पत्ता चुकला की काळा पडदा. 640 बाय 480 आणि रंग मोजून 16. त्यात भगवा नव्हताच. तपकिरी होता, पिवळा होता, फिका लाल होता. नारिंगी पाहिजे तर पिवळ्यावर लाल ठिपक्यांचा पॅटर्न भरायचा आणि लांबून बघायचं.

शिवाय कडेच्या आत रंग ओतणारं फ्लडफिल. कडेच्या रेषेत एका पिक्सेलची जरी फट राहिली तरी रंग बाहेर सांडून सगळा पडदा रंगायचा. लॅबमध्ये कुणाचा तरी पडदा भसकन एकाच रंगाचा झाला की अख्खी बॅच ओरडायची.

खानापूर पावसाळी

काका, ओपनजीएलमध्ये फ्लडफिल नाही हेच बरं. इथं आकार कोपऱ्यांनी सांगायचा, आतला रंग ओपनजीएल स्वतःच भरतं.

अनगोळकरीण, आणखी एक. रंग ही चालू अवस्था आहे. ब्रश एकदा बुडवला की दुसऱ्या डब्यात बुडवेपर्यंत तोच रंग लागत राहतो, तसं. झेंड्यानंतर काठी काढलीस आणि रंग बदलला नाहीस तर काठीही भगवी. आणि आकाराचे बिंदू जिथं देतो त्या जीएल-बिगिन व जीएल-एंडच्या मधे प्रत्येक बिंदूआधी वेगळा रंग दिलास तर तो आतल्या आत मिसळत जातो. आभाळाला ते छान दिसतं. खालच्या दोन कोपऱ्यांना केशरी, वरच्या दोघांना निळा, संध्याकाळ तयार.

अनगोळकरीण

थ्री-यूबी चाललं! भगवा आला. 255, 153, 51 पण करून बघितलो, तो थोडा फिका आहे.

खानापूर पावसाळी

तेच 255, 153, 51 थ्री-एफला दिलं असतंस तर झेंडा पांढरा झाला असता, कारण तिन्ही 1 च्या वर. पिवळा आला म्हणून निदान संशय तरी आला.

उद्यमबागवाला

खाचेचं मी सांगतो. मी प्रोग्रामर नाही, सीएनसीवर, म्हणजे आकड्यांवर चालणाऱ्या कापकाम यंत्रावर काम करतो, पण को-ऑर्डिनेटशी रोजचा संबंध. तुझे पाच बिंदू आलेखाच्या कागदावर काढले. तू पण काढ, पेन्सिलीनं, मग वाच.

नावं देतो. वरचं टोक व (220,400). खाच ख (140,350). खालचं टोक ट (220,300). काठीचा खालचा बिंदू क (100,300). काठीचा वरचा बिंदू म (100,400).

जीएल-पॉलिगॉन म्हटलं की बहुतेक ग्राफिक्स कार्डं आतून त्रिकोणच करतात. पहिला बिंदू धरून ठेवायचा आणि पुढचे दोन-दोन जोडत जायचं. तुझा पहिला बिंदू व. म्हणजे पहिला त्रिकोण व-ख-ट. हा त्रिकोण कुठला? हीच तुझी खाच! जी मोकळी ठेवायची तीच पहिल्यांदा भरली. मग व-ट-क, मग व-क-म. तिन्ही मिळून 100 ते 220, 300 ते 400 असा आख्खा आयत. प्रोग्रामनं सांगितलेलं काम इमानदारीत केलंय.

आता तेच पाच बिंदू, तोच क्रम, पण सुरुवात ख पासून कर. ख-ट-क, ख-क-म, ख-म-व. तिन्ही त्रिकोण झेंड्याच्या आतच पडतात, खाचेला कुणी हात लावत नाही. कारण ख वर उभं राहून बघितलं तर झेंड्याचा प्रत्येक कोपरा सरळ दिसतो, मधे कडा आडवी येत नाही. व वर उभं राहून ट कडं बघितलं तर नजर खाचेच्या हवेतून जाते.

अनगोळकरीण

कागदावर काढलो. अगदी बरोबर. आता ख पासून सुरुवात केलो, खाच आली. खरं एक शंका. मधे सहज म्हणून म पासून सुरू करून बघितलो होतो, तेव्हा खाच आली पण वाकडी. खालची शेपटी जाड, वरची बारीक. ते का?

उद्यमबागवाला

म पासून ट कडं रेषा ओढ. (100,400) पासून (220,300). x 160 ला आली की y 350. ख तर x 140 वरच आहे, म्हणजे 160 वर आपण खाचेच्या हवेत आहोत. ही रेषा खाचेचा खालचा भाग कापून जाते, आणि तिच्या खालचं सगळं म-ट-क त्रिकोणात भरलं जातं. म्हणून खालची शेपटी जाड. खाच कमी खोल असती, समजा ख (170,350) वर असता, तर म पासून सुरू करूनही झेंडा बरोबर आला असता आणि तुला कळलंही नसतं की काही बिघडू शकतं.

शेडरवाला

मूळ बेळगावचाच, सध्या बेंगळुरात ग्राफिक्समध्ये काम. वरचं उत्तर झकास आहे, पण एक गोष्ट पक्की करून घ्या. जीएल-पॉलिगॉन फक्त बहिर्वक्र आकारांसाठी आहे. आत खाच असलेला आकार दिला तर काय येईल याची ओपनजीएलच्या व्याख्येत कुठलीच हमी नाही. एका मशीनवर आयत, दुसऱ्यावर वाकडी खाच, तिसऱ्यावर बरोबर झेंडा, काहीही. म्हणून "ख पासून सुरू केलं की जीएल-पॉलिगॉन चालतं" असं वहीत लिहून ठेवू नका. जीएल-ट्रायँगल-फॅन लिही आणि ख पहिला दे. तिथं पहिला बिंदू धरून पंख्यासारखे त्रिकोण करणं हे व्याख्येतच आहे, तुझ्या लॅपटॉपवर आणि परीक्षेच्या लॅबमध्ये सारखंच येईल.

आणि सगळ्याच आकारांना असा सगळं दिसणारा ख मिळत नाही. तटाच्या वरच्या चर्या, म्हणजे दातेरी कठडा, एकाच आकारात काढायला गेलीस तर मिळणार नाही. तिथं सुटे आयत काढ. अगदीच वेडावाकडा आकार असेल तर जीएलयू या ओपनजीएलच्या जोड-लायब्ररीत टेसेलेटर आहे, तो त्रिकोण पाडून देतो. स्वतः पाडायचे असतील तर कान कापायची पद्धत. एकमेकींना न छेदणाऱ्या कडांच्या कुठल्याही बहुभुजाला, त्रिकोण सोडून, निदान दोन कान असतातच हे मायस्टर्स यांनी 1975 मध्ये सिद्ध केलंय. कान म्हणजे असा कोपरा की जो सरळ कापून काढला तर उरलेला आकार शाबूत राहतो. n कोपऱ्यांचे शेवटी n वजा 2 त्रिकोण होतात. तुझे पाच, म्हणून तीन.

आता माझी नेहमीची तक्रार. जीएल-बिगिन, जीएल-एंड हे सगळं 2008 साली 3.0 मध्ये कालबाह्य ठरवलं, 2009 च्या 3.1 मध्ये मूळ गाभ्यातून काढलं. ॲपलनं तर 2018 मध्ये ओपनजीएललाच कालबाह्य म्हणून टाकलं. आणि आपली पोरं अजून त्यावर मार्क मिळवतात. शिकायचं तर बिंदू साठवणारे बफर आणि ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे शेडर, शिका.

टर्बोकाका

शेडरवाले, पहिला त्रिकोण दिसायला तुमच्या नव्या पद्धतीत काय काय लागतं ते सांगा बघू.

शेडरवाला

खिडकी, कॉन्टेक्स्ट, फंक्शनांचे पत्ते गोळा करणारी लायब्ररी, व्हर्टेक्स बफर, व्हर्टेक्स ॲरे, दोन शेडर, ते कंपाईल करणं, जोडणं, मग एक हाक.

टर्बोकाका

आणि जुन्या पद्धतीत बिगिन, तीन बिंदू, एंड. मी गप्प बसतो.

शेडरवाला

काका, मुद्दा मान्य. सुरुवातीला हातात काहीतरी दिसलं पाहिजे. पण एवढं लक्षात ठेवा, काढून टाकलेल्यात क्वाड्स आणि पॉलिगॉन आहेत. त्रिकोण, त्रिकोणांची पट्टी आणि त्रिकोणांचा पंखा हे तिन्ही नव्यातही जसेच्या तसे आहेत. म्हणून ताईनं झेंडा पंख्यानं काढला तर तिचं शिकणं वाया जाणार नाही. आलेखाचा कागदही नाही.

लोंढा जंक्शन

मी आठवीतल्या भाच्यासाठी वाचतोय. त्याला हे सगळं झेपेल का? घरी जुना लॅपटॉप आहे.

निपाणीचे मास्तर

आठवीला ओपनजीएल नको. पायथनमधलं टर्टल द्या. पायथनसोबतच येतं, सहसा वेगळं काही उतरवावं लागत नाही. एक कासव पडद्याच्या मध्यावर बसलेलं असतं. पुढं 100, डावीकडं 90, असं चार वेळा केलं की चौकोन. ही कल्पना जुनी आहे, 1967 मध्ये पेपर्ट, सॉलोमन आणि फॉयरझाइग यांनी मुलांसाठी लोगो नावाची भाषा केली, त्यातून कासव आलं.

मी मराठी माध्यमाच्या मुलांना हे शिकवतो आणि मला त्यातली एक सोय फार आवडते. पायथन 3 मध्ये आपण ठेवलेली नावं देवनागरीत चालतात. मुलं "त्रिकोण" नावाचंच फंक्शन लिहितात, "बाजू" आणि "रंग" अशी चलं करतात. इफ, फॉर, डेफ हे शब्द तेवढे इंग्रजी राहतात. कन्नड लिपीतली नावंही तशीच चालतात. शेजारी कन्नड माध्यमाचा मुलगा बसला तर दोघांचा प्रोग्राम एकाच फाईलमध्ये, वरचं फंक्शन याच्या लिपीत, खालचं त्याच्या, आणि चालवायला काही अडत नाही.

भरायचं असेल तर बिगिन-फिल, आकार फिरून या, एंड-फिल. या ताईंचा खाचेचा झेंडा तिथं पहिल्या फटक्यात येतो, कारण त्रिकोण पाडायचं काम आतल्या आत होतं. आणि रंग चुकला तर टर्टल ओरडतं. 255 चे आकडे द्यायचे असतील तर आधी कलरमोड 255 सांगावा लागतो, नाहीतर थेट एरर. मला शिकवायला ओरडणारी लायब्ररी बरी वाटते. गप्प राहून पिवळा झेंडा काढणारी नव्हे.

लोंढा जंक्शन

आकाशकंदिलाची चांदणी काढता येईल?

निपाणीचे मास्तर

पुढं 200, उजवीकडं 144, पाच वेळा. पण बिगिन-फिल लावलं तर काही संगणकांवर चांदणीचा मधला पंचकोन रिकामा राहतो, काहींवर भरतो. रेषा एकमेकींना छेदतात तिथं आत कुठलं नि बाहेर कुठलं हे ती ती प्रणाली आपल्या पद्धतीनं ठरवते. आमच्या वर्गात एका बाकावर भरलेली नि दुसऱ्यावर पोकळ चांदणी आली की तासाची पहिली वीस मिनिटं वादात जातात. मी मधे पडत नाही.

हिंडलगा एक्सप्रेस

पोकळ चांदणीत बल्ब लावा.

अनगोळकरीण

परत मीच. आता आभाळ घातलो, वर सांगितल्यासारखं निळं ते केशरी. आभाळ सुंदर आलं आणि किल्ला गायब! झेंडा, बुरूज, डोंगर, काही नाही. आभाळाच्या चार ओळी कॉमेंट केलो की किल्ला परत. क्रम बरोबर आहे, आभाळ पहिलं, बाकीचं नंतर.

खानापूर पावसाळी

मेनमध्ये बघ, जीएल-इनेबल आणि डेप्थ-टेस्ट असं काही आहे का? लॅबच्या कलर क्यूबच्या प्रोग्रामवरून सुरुवातीचा भाग उचललास का?

अनगोळकरीण

हो. सगळेच तिथूनच उचलतात.

खानापूर पावसाळी

मग तेच. क्यूबला मागची बाजू पुढच्या बाजूवर येऊ नये म्हणून खोलीची तपासणी लागते. तिचा ठरलेला नियम "आधीच्यापेक्षा जवळ असेल तरच काढ" असा आहे. तुझं सगळं चित्र z शून्यावर. आभाळानं पूर्ण खिडकीत शून्य नोंदवून टाकलं. नंतर बुरूज आला, तोही शून्यावर. शून्य हे शून्यापेक्षा जवळ नाही, म्हणून नाकारला. सपाट चित्राला ती ओळ काढून टाक. मग नंतर काढलेलं आधीच्यावर बसतं.

अनगोळकरीण

काढलो, किल्ला आला. शेवटचं म्हणत नाही, सूर्य अंड्यासारखा झालाय. खिडकी आता 800 बाय 600 केलोय, लॅबच्या प्रोजेक्टरसाठी.

उद्यमबागवाला

खिडकी 800 बाय 600 आणि ऑर्थो 500 बाय 500. आडवं एकक 1.6 पिक्सेल, उभं 1.2. वर्तुळ चपटं होणारच. ऑर्थो 0 ते 800 आणि 0 ते 600 कर, मग बिंदू नव्यानं मांड. खिडकी ओढून मोठी केली तरी गोल राहायला पाहिजे असेल तर रीशेप फंक्शनमध्ये रुंदी-उंचीच्या प्रमाणात ऑर्थो बदलत राहावा लागेल.

टर्बोकाका

सूर्य कसा काढलास? ग्लटमध्ये चहाची किटली तयार मिळते, जीएलयूटी-सॉलिड-टीपॉट म्हटलं की झालं. आणि साधं वर्तुळ मात्र नाही. हे मला कधीच कळलं नाही.

शेडरवाला

किटलीचा मान मोठा काका. मार्टिन न्यूएल यांनी 1975 मध्ये युटाहमध्ये ती आकड्यांत बसवली, तेव्हापासून ग्राफिक्सवाल्यांची ती कुलदेवता. वर्तुळ हवं असेल तर ग्लटमध्ये नाही पण जीएलयूमध्ये जीएलयू-डिस्क आहे.

अनगोळकरीण

मी पंख्यानंच काढलो, मधला बिंदू आणि भोवती कॉस-साइन. आधी 0 ते 360 थेट साइनला दिलो तर काटेरी गोळा आला. मग कळलं की अंश नाही, रेडियन पाहिजेत. 60 तुकडे केलोय, गोल दिसतोय.

हिंडलगा एक्सप्रेस

काटेरी गोळा ठेवायचास की. मे महिन्यातला सूर्य म्हणून खपला असता.

अनगोळकरीण

सर म्हणालेत झेंडा फडकला तर जास्त मार्क. आमच्या विद्यापीठाच्या, व्हीटीयूच्या, 2018 च्या स्कीममधल्या लॅबला बेझिए वक्रानं (काही बिंदूंवरून ठरणाऱ्या वळणदार रेषेनं) ध्वज फडकवायचा प्रोग्राम होता, सिनियरकडून वही मिळाली. खरं तो ध्वज चौकोनी आहे. खाचेचा कसा फडकवायचा? पंख्याला तर तीनच त्रिकोण, ते वाकणार कसे?

शेडरवाला

बरोबर ओळखलंस. त्रिकोण वाकत नाही, म्हणून बारीक तुकडे पाहिजेत. बेझिए सोड, साइन लाट पुरे. झेंड्याचे तीन भाग कर आणि तिन्ही त्रिकोणांच्या पट्टीनं काढ, जीएल-ट्रायँगल-स्ट्रिप.

पहिला भाग काठीपासून खाचेपर्यंत, x 100 ते 140. इथं प्रत्येक x ला दोन बिंदू, y 300 आणि y 400. दुसरा भाग वरची शेपटी, x 140 ते 220. वरची कड 400 वर, खालची कड खाचेच्या रेषेवर. ती 80 एककांत 50 चढते, म्हणजे 350 अधिक 0.625 गुणिले (x वजा 140). टोकाला दोन्ही कडा 400 वर भेटतात. तिसरा भाग खालची शेपटी, तिथं खाचेची रेषा 350 वजा तेवढंच, आणि खालची कड 300. x चार-चारनं वाढव, पुरेसं गुळगुळीत दिसेल. हे आकडे तुझ्या जुन्या मांडणीचे आहेत. खिडकी बदलून झेंडा सरकवला असशील तर x आणि y मध्ये तेवढी भर घाल.

आता लाट. प्रत्येक बिंदूच्या y मध्ये एक साइन मिळव, जी x आणि वेळ या दोघांवर ठरेल. आणि तिला (x वजा 100) भागिले 120 नं गुण, म्हणजे काठीपाशी हालचाल शून्य आणि टोकाला सगळ्यात जास्त. हे गुणायचं विसरलीस तर झेंडा काठीवरून खालीवर घसरताना दिसेल. तिन्ही भागांना तेच एक सूत्र लाव, नाहीतर x 140 वर शिवण उसवल्यासारखी फट पडेल.

अनगोळकरीण

लिहिलो. तिन्ही भाग जुळले, फट नाही. खरं झेंडा एकदाच हलतो आणि थांबतो. ग्लट-टायमर-फंक 33 मिलिसेकंदाला लावलोय.

खानापूर पावसाळी

तो टायमर एकदाच वाजतो. ज्या फंक्शनला तो हाक मारतो, त्याच्या आत वेळ वाढव, पोस्ट-रीडिस्प्ले म्हण आणि टायमर पुन्हा लाव. डिस्प्ले-मोडमध्ये सिंगल असेल तर डबल कर आणि शेवटी जीएल-फ्लशच्या जागी स्वॅप-बफर्स, नाहीतर लुकलुकेल. डबल करून स्वॅप विसरलीस तर काळी खिडकी, तेव्हा घाबरून सगळं खोडू नकोस.

अनगोळकरीण

फडकतोय!! व्हिडिओ टाकलोय. फक्त आई म्हणाली वारा उलटा वाटतोय.

उद्यमबागवाला

आईची नजर पक्की. व्हिडिओत लाटा टोकाकडून काठीकडं येताहेत. खऱ्या झेंड्यात काठीपाशी सुरू होऊन टोकाकडं जातात. साइनच्या कंसात x अधिक वेळ लिहिलंस वाटतं. x वजा वेळ कर.